आरे-वारे, कॅमेरा आणि कवितेचा उगम

रत्नागिरीहून गणपतीपुळ्यास जाणारा समुद्रकांठचा रस्ता आरे-वाऱ्यापाशीं चढणीस लागतो; आणि डोंगराच्या सोंडेनें दुभागलेले पुळणीचे दोन पट्टे, सुरूचें बन व मोकळा पश्चिम समुद्र एकदम नजरेखालीं येतात. तेथें गाडी थांबविली नाहीं असा प्रवासी विरळा. अलीकडे मात्र थांबणारांत एक नवा वर्ग दिसूं लागला आहे. तो 'स्फूर्ति' घ्यावयास आलेला असतो. प्रवास करावा, छायाचित्रें काढावीं, रात्रीं एखादी मैफल ऐकावी, म्हणजे लेखणी आपोआप चालूं लागेल, अशी त्याची श्रद्धा असते. ती कितपत खरी, हें पाहण्यास दूर जावयास नको. याच रस्त्यानें गणपतीपुळें ओलांडलें, कीं मालगुंड लागतें. १८६६ सालीं केशवसुत जन्मले तें हें गांव.

केशवसुतांची 'नैर्ऋत्येकडील वाऱ्यास' ही कविता वाचकांस आठवत असेल. कोंकणच्या ओढीनें भरलेली ही कविता कोंकणांत बसून लिहिलेली नव्हे. समुद्रावरून, घरावरून, सह्याद्रि ओलांडून येणारा वारा परमुलुखांत अंगास लागतो, तेव्हां ती जन्मते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसास वारा हा वाराच असतो. घाटापलीकडे गेल्यावर तो निरोप्या होतो. तेव्हां प्रवासाचें श्रेय कबूल केलें, तरी तें पोंचण्याचें कीं सोडून जाण्याचें, हा प्रश्न उरतोच.

वर्डस्वर्थची गोष्ट याहून बोलकी आहे. १५ एप्रिल १८०२ रोजीं अल्सवॉटर सरोवराच्या कांठीं त्यानें व त्याच्या बहिणीनें तीं प्रसिद्ध पिवळीं फुलें पाहिलीं. कविता झाली १८०४ सालीं. मध्यंतरीं डॉरथीच्या रोजनिशींत तीं टिपलेलीं होतीं, आणि फार सुंदर टिपलेलीं होतीं. त्या दिवशींचा बेफाम वारा तींत आहे. थकून दगडांवर मान टेकलेलीं फुलेंही आहेत. कवीनें दगड गाळले, वाऱ्याची झुळूक केली, आणि सोबतच्या बहिणीसही गाळून स्वतःस एकटें करून घेतलें! आमच्या मतें छायाचित्राची खरी जागा डॉरथीच्या या रोजनिशीशेजारीं आहे. तें स्मृतीस धरून ठेवतें; गाळण्याचें काम मात्र दुसऱ्याच कोणास करावें लागतें. आणि रोजनिशी लिहिण्यास डॉरथीस आधीं पाहावें तरी लागलें. मोबाईल उंच धरून, समुद्राकडे पाठ करून स्वतःचीच छबी टिपणाऱ्यास तेवढेंही करावें लागत नाहीं.

अर्थात् जातिवंत छायाचित्रकाराची गोष्ट निराळी. ओहोटीच्या ओल्या वाळूंत मावळतीचा प्रकाश नेमका उतरेपर्यंत तो तासन्‌तास थांबतो, आणि चौकटीबाहेर काय ठेवावें हेंच ठरवीत असतो. त्याला आम्ही कवीच्याच पंक्तीस बसवूं.

राहिलें संगीत. रत्नागिरींत थिबा राजवाड्याच्या आवारांत 'आर्ट सर्कल'चा संगीत महोत्सव भरत आला आहे, आणि अशा उपक्रमांचें आम्हांस कौतुकच आहे. परंतु 'सतारीचे बोल' या कवितेंतला श्रोता मैफलीस गेलेला नाहीं. तो काळोख्या रात्रीं, खिन्न मनानें वाट तुडवीत आहे. कोणाच्या तरी खिडकींतून सतार कानीं पडते, तेव्हां त्याला आनंद होत नाहीं, संताप येतो. तो खिडकीकडे मूठ उगारतो, वादकास अपशब्द बोलतो, सतार फुटली तर बरें असें म्हणतो. त्यानंतर पाय अडखळतात, तो बसतो, डोळे भरून येतात. टीकाकार या कवितेच्या अखेरच्या उदात्त शांतीची फार वाखाणणी करतात. आम्हांस ती उगारलेली मूठ अधिक मोलाची वाटते. तिच्यावांचून पुढचे अश्रु फुकटचे झाले असते. खिशांतलें गाणें नकोसें झालें कीं बोटानें बंद करितां येतें. ती सतार त्याला बंद करितां आली नाहीं. प्रत्यक्ष वादनाचा गुण आम्हीं याच अर्थानें घेतों. ऐकणाराच्या लहरीवर तें चालत नाहीं, त्याच्या मनाविरुद्धही तें आंत शिरूं शकतें. स्फूर्ति घ्यावयाच्या ठाम निश्चयानें, तिकीट काढून बसलेल्या श्रोत्याची अडचण नेमकी हीच, कीं त्याच्यापाशीं उगारावयास मूठच नसते.

ती सतार वाजविणारा कोण होता, हें कवितेंत कळत नाहीं. खिडकीखालीं अंधारांत कोणी थांबलें होतें, हें त्यालाही कळलें नसावें.