एकाचे दुःख, अनेकांचा उच्चार : तिनारिवेनची मैफल

तुआरेग गायकांच्या संगीतास पाश्चात्त्य रसिकांनी ‘डेझर्ट ब्लूज’ असे नाव दिले आहे. ते सोयीचे खरे; परंतु कितपत यथार्थ आहे, हा प्रश्न तिनारिवेन या वृंदाची मैफल युरोपातील एका सभागृहात ऐकताना प्रस्तुत लेखकापुढे उभा राहिला. ध्वनिमुद्रिकांमुळे या वृंदावर अनेक वर्षे लोभ जडला असल्याने तो टाळताही येईना.

मुद्रिका ऐकताना मनावर ठसते ती एकाकी माणसाची व्यथा. तिला आधारही आहे. संस्थापक इब्राहिम अग अल्हबीब यांनी १९६३ मध्ये, मालीतील तुआरेग बंडाच्या काळात, बालवयात पित्याची हत्या पाहिली. अल्जीरियात निर्वासिताचे जिणे काढले. पत्र्याचा डबा, काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार यांतून पहिली गिटार घडविली. १९७९ च्या सुमारास तामनरासेत येथे वृंद आकारास आला. विरहाने भरलेल्या एकटेपणास तमाशेक भाषेत ‘असूफ’ म्हणतात; या गीतांचा तोच स्थायीभाव होय.

रंगमंचावर मात्र निराळे दृश्य दिसते. एकजण पद उच्चारतो, इतर ते उचलून धरतात. गिटार आधारस्वरावर रेंगाळते आणि टाळ्या तिच्याभोवती लय विणतात. या लयीचे मूळ ‘तेंदे’मध्ये आहे. उखळाच्या तोंडावर कातडे ताणून केलेले हे वाद्य स्त्रिया वाजवितात आणि भोवतीचा समुदाय टाळ्यांनी व प्रतिसादाने गाणे पुरे करतो. मुद्रिकेत मागे राहणाऱ्या टाळ्या मैफलीत केंद्रस्थानी येतात. ब्लूजलाही सामुदायिक गायनाची पूर्वपीठिका आहे, हे मान्य. तथापि त्या नावासरशी सामान्य श्रोत्यापुढे उभा राहतो तो एकटा गिटारवादकच.

तमाशेकचा एक शब्दही न जाणणारे श्रोते निर्वासनाच्या गीतांवर आनंदाने डोलत होते. प्रथम हे खटकले. पुढे ध्यानात आले की, टाळी वाजविणे ही या गाण्याने समुदायास नेमून दिलेलीच भूमिका आहे. परंतु एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. १९८० नंतरच्या काळात ही गीते कॅसेटींवरून हातोहात पसरली, ती शब्दांसाठी. परागंदा तरुणांना ती वार्ता आणि आवाहन दोन्ही होती. २०१२ मध्ये उत्तर मालीत सशस्त्र गटांनी संगीतावरच बंदी घातली, हेही विसरता येत नाही.

लय परक्या श्रोत्यास गाण्याच्या अंगणात घेते; घरात नेतो तो शब्दार्थच. तो समजून घेण्याचे कष्ट न करता केवळ लयीवर निर्णय देणारी समीक्षा अपुरीच राहील.