होमाई व्यारावाला : 'पहिल्या' या बिरुदापलीकडे

होमाई व्यारावाला यांचे नाव निघाले की 'भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार' हे बिरुद आधी येते आणि बहुधा बोलणे तेथेच संपते. छायाचित्रे कशी आहेत, हे कोणी विचारीत नाही. फाळणीची योजना स्वीकारणारी १९४७ मधली बैठक किंवा १९४८ मधली गांधीजींची अंत्ययात्रा समोर आली की आपण इतिहास पाहतो. छायाचित्र पाहतच नाही. स्पष्ट सांगायचे तर यांतल्या कित्येक चित्रांत मला छायाचित्रकारापेक्षा प्रसंगच मोठा वाटतो.

होमाईबाईंची स्वतःची नजर पाहायची असेल तर १९३० च्या दशकातल्या मुंबईकडे जावे लागते. नवसारीला १९१३ साली जन्मलेली, फिरत्या नाटक कंपनीतल्या नटाची ही मुलगी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली. कॅमेरा शिकवला तो माणेकशा व्यारावाला यांनी, पुढे तेच पती झाले. (सुरुवातीची काही चित्रे छापली गेली तीही त्यांच्याच नावाने!) जे. जे. मधल्या मैत्रिणी, विशेषतः रेहाना मोगल, या चित्रांत इतक्या मोकळ्या दिसतात की कॅमेऱ्यामागे मैत्रीणच असणार हे सांगावे लागत नाही. येथे कोणी पुढारी नाही, तारीख लक्षात ठेवायची गरज नाही, आणि तरीही नजर हलत नाही.

१९४२ साली त्या दिल्लीला गेल्या. मग साडी नेसून, जड कॅमेरे खांद्याला लावून, पुरुषांच्या गर्दीत अठ्ठावीस वर्षे काम. रोलीफ्लेक्सच्या एका रोलमध्ये बाराच चित्रे. त्यामुळे बटण दाबण्याआधी थांबणे आले. हे थांबणे पालम विमानतळावरच्या चित्रात फळाला आले आहे. 'छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई' अशा अर्थाची इंग्रजी पाटी, आणि शेजारी साक्षात पंतप्रधान नेहरू! जे. जे. मधली ती खट्याळ मुलगी मला येथे पुन्हा भेटते.

१९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. नव्या छायाचित्रकारांचे वागणे त्यांना पटेना. पद्मविभूषण मिळाले २०११ साली, मृत्यूच्या जेमतेम वर्षभर आधी. सबीना गडीहोक यांचे त्यांच्यावरचे पुस्तक मिळाले तर नेहरू-गांधींची पाने जरा मागे ठेवा, आधी रेहानाला शोधा.