व्लादिमीर गोदार यांचे ‘मातेर’ : अंगाईपासून क्रूसापर्यंत

पवित्र मरियेला वाहिलेले संगीत युरोपात शतकानुशतके रचले गेले आहे. मॉन्तेव्हेर्दी यांची १६१० मधील मरियेची सायंप्रार्थना असो की पेर्गोलेसी यांचे १७३६ मधील ‘स्ताबात मातेर’ असो, या रचनांनी कित्येक पिढ्यांच्या भक्तीला स्वर दिला. परंतु या वैभवशाली परंपरेत एक गोष्ट हळूहळू घडत गेली. नाझरेथची आई वेदीवरची राणी झाली, आणि तिच्या मस्तकावरील मुकुटाच्या तेजात तिच्या हातांवरचे घट्टे दिसेनासे झाले. स्लोव्हाकियातील समकालीन संगीतकार व्लादिमीर गोदार यांच्या ‘मातेर’ या रचनामालेचे मोल मला येथे जाणवते. तिने मरियेला वेदीवरून पाळण्याजवळ आणले आहे. एवढेच नव्हे, तर ज्या यहुदी घरातून ती आली, त्या घराच्या उंबरठ्यापर्यंत तिने आपल्याला नेऊन पोहोचवले आहे.

गोदार यांचा जन्म १९५६ साली ब्रातिस्लाव्हा येथे झाला. तेथील संगीत विद्यालयात आणि पुढे कला अकादमीत त्यांनी रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. ‘ओपुस’ या प्रकाशन संस्थेत त्यांनी संपादक म्हणून काम केले. १९८८-८९ मध्ये ते व्हिएन्ना येथे रोमान हाउबेनश्टोक-रामाती या प्रयोगशील संगीतकाराच्या मार्गदर्शनाखाली शिकले. १९९० नंतरच्या मोकळ्या वातावरणात त्यांनी ‘स्लोव्हेन्स्का हुदबा’ या संगीतविषयक नियतकालिकाची धुरा काही वर्षे सांभाळली. मार्टिन शुलिक यांच्या ‘झाहरादा’ (१९९५) आणि इतर चित्रपटांना त्यांनी संगीत दिले, त्यामुळे एरवी संगीतसभेला न जाणाऱ्या प्रेक्षकांपर्यंतही त्यांचे नाव गेले. रचनाकार, अभ्यासक आणि निबंधकार ही तिन्ही अंगे त्यांच्या ठायी एकत्र नांदतात.

ज्या काळात ते घडले, तो काळ विसरून त्यांच्या संगीताचा अर्थ लावता येणार नाही. १९४८ साली चेकोस्लोव्हाकियात साम्यवादी सत्ता आली. एप्रिल १९५० मध्ये संन्याशांचे मठ बळाने रिकामे करण्यात आले आणि श्रद्धेचे जीवन घराच्या चार भिंतींआड गेले. अशा राजवटीत भूतकाळाची आठवण ठेवणे हेही एक प्रकारचे धाडसच होते. गोदार यांनी घोषणांचा मार्ग धरला नाही. त्यांनी पूर्वसूरींशी संवाद मांडला. १९८४ मधील ‘ऑर्बिस सेन्सुआलियुम पिक्तुस’ या त्यांच्या भव्य गायनरचनेला सतराव्या शतकातील शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की यांच्या सचित्र बालपुस्तकाचा आधार आहे. हे पुस्तक देवापासून आरंभ करून, जगातील वस्तूंची मुलांना ओळख करून देत, अंतिम न्यायापाशी येऊन थांबते. १९८५ मधील ‘कोन्चेर्तो ग्रोस्सो’मध्ये तंतुवाद्ये आणि हार्पसिकॉर्ड यांच्या साहाय्याने त्यांनी बरोक काळाचा जुना साचा पुन्हा हाती घेतला. पुढे इरॅस्मस यांच्या शांतीविषयक ग्रंथावर त्यांनी ‘क्वेरेला पाचिस’ ही रचना केली. जुने ते केवळ जुने म्हणून गोदार कवटाळत नाहीत. तुटलेला धागा जेथे तुटला तेथेच गाठ मारून पुढे विणायला घ्यावा, अशी त्यांची रीत दिसते.

‘मातेर’ हे एका बैठकीत लिहिलेले काव्य नव्हे. १९९७ ते २००५ या काळात निरनिराळ्या निमित्तांनी झालेल्या रचना येथे एका सूत्रात ओवल्या आहेत. २००६ साली म्यूनिक येथील ईसीएम या संस्थेने त्यांची ध्वनिमुद्रिका जगासमोर आणली. ‘सोलामेन्ते नातुराली’ हा जुन्या धाटणीची वाद्ये वाजवणारा ब्रातिस्लाव्हाचा वृंद, तेथील संगीत विद्यालयाचा गायकवृंद आणि मारेक श्त्रिन्त्सल यांचे संचालन अशी ही जुळणी आहे. मात्र या साऱ्यांच्या केंद्रस्थानी आहे तो इव्हा बित्तोव्हा यांचा आवाज. मोराव्हियात वाढलेल्या या गायिका व्हायोलिनवादकही आहेत. त्यांचे वडील रोमा समाजातील वादक होते. ऑपेराच्या घोटीव गळ्याचा थाट या आवाजात नाही. चुलीजवळ बसलेली बाई काम करता करता गुणगुणते, तेव्हा स्वर जसा श्वासाबरोबर खालीवर होतो, तसा तो होतो. हीच निवड गोदार यांच्या दृष्टीची पहिली खूण आहे. देवमातेसाठी त्यांनी गृहिणीचा आवाज निवडला.

आता या मालेतील एकेका मण्याकडे वळू.

आरंभी कोणतेही स्तोत्र नाही. ‘मायकोमाश्मालोन’ नावाचे यिद्दिश भाषेतील गीत आहे. हा शब्द तालमूदच्या अभ्यासातून आला आहे. एखादे वचन वाचून झाले, की विद्यार्थी विचारतो, यातून आपल्याला काय ऐकायचे, काय शिकायचे? यिद्दिश कवी अव्रोम रायझेन यांनी हाच प्रश्न एका दरिद्री विद्यार्थ्याच्या तोंडी घातला आणि ती कविता पूर्व युरोपातील यहुदी घरांत गाणे होऊन पसरली. मोजक्या तंतुवाद्यांच्या साथीने बित्तोव्हा तो प्रश्न गातात. वाद्ये उत्तर देण्याची घाई करीत नाहीत.

त्यानंतर ‘माग्निफिकात’ येते, तेही स्लोव्हाक भाषेत. मरियेचे हे स्तोत्र आपण आनंदगान म्हणून ओळखतो. गोदार यांनी मात्र त्याला गंभीर, अंधारलेला रंग दिला आहे. एकटा स्त्रीस्वर शब्द जणू स्वतःशीच उच्चारतो आणि मग गायकवृंद प्रचंड लाटेसारखा अंगावर येतो. पहिल्यांदा ऐकताना हे खटकते. परंतु लूकच्या शुभवर्तमानातील हे स्तोत्र नीट आठवावे. एका खेड्यातील अविवाहित, गर्भवती मुलगी, बलाढ्यांना आसनावरून खाली ओढणाऱ्या देवाची स्तुती करीत आहे. तिच्या शब्दांत शमुवेलाची आई हन्ना हिच्या जुन्या गीताचे पडसाद आहेत. असे बोलणाऱ्या मुलीच्या आवाजात आनंदाबरोबर कापरे नसेल काय? गोदार यांनी ते कापरे ऐकले आहे.

पुढच्या ‘उस्पावंकी’ म्हणजे अंगाया. लोकपरंपरेतील या गाण्यांत मरियेचे नाव घेण्याची गरजच उरत नाही. ‘माग्निफिकात’ संपल्यावर ज्या आवाजात अंगाई सुरू होते तो तोच असल्याने, पाळणा कोणाचा हे आपल्याला कळून चुकते. स्लोव्हाक लोकगीतांची हजारो चालींची संपदा बेला बार्तोक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खेडोपाडी फिरून टिपली होती. गोदार यांचे बार्तोकप्रेम सर्वश्रुत आहे. १९९५ मध्ये त्यांनी बार्तोक यांच्या स्मरणार्थ स्वतंत्र रचनाही केली. अंगाईतील साधेपणा त्यांनी नटवला नाही, यामागे ही शिस्त आहे.

‘एक्चे पुएर’ ही १९९७ ची रचना जेम्स जॉइस यांच्या कवितेवर बेतली आहे. १९३१ च्या डिसेंबरअखेरीस जॉइस यांचे वडील वारले आणि दीडेक महिन्यात त्यांना नातू झाला. मृत्यू आणि जन्म यांच्या सांध्यावर उभ्या असलेल्या मुलाची ही कविता आहे. आईच्या मालेत पित्याविषयीचे हे गीत काहीसे परके वाटते हे मान्य केले पाहिजे. तरीही पाळणा आणि क्रूस यांच्या मधोमध ते ठेवण्यात औचित्य आहे, कारण एका जीवाचे येणे आणि दुसऱ्याचे जाणे येथे प्रथमच एकत्र येते.

मालेचे शिखर म्हणजे ‘स्ताला मातिच्का’. क्रूसाच्या वाटेच्या भक्तीत ज्याची कडवी स्थानागणिक गाण्याची प्रथा जगभर आहे, ते तेराव्या शतकातील ‘स्ताबात मातेर’ येथे स्लोव्हाक वेशात अवतरले आहे. ‘मातिच्का’ हे लाडिक रूप आहे. आपल्याकडे ‘माउली’ म्हणताना जी जवळीक वाटते, तीच त्यात आहे. लॅटिनमधील ‘मातेर’ दुरून वंदनीय वाटते. ‘मातिच्का’ ही मात्र शेजारी उभी असलेली आई आहे. स्लोव्हाकियाला या स्तोत्राचे विशेष अगत्य आहे. सप्तदुःखांची माता ही त्या देशाची आश्रयदात्री आहे. १९२७ साली पोप पायस अकरावे यांनी तिला तो मान दिला, आणि १५ सप्टेंबरला तिच्या सणासाठी शाश्तिन येथील देवस्थानी आजही यात्रा भरते. गोदार यांनी दुःखाला आक्रोशाचे रूप दिले नाही. तेच ते स्वर पुनःपुन्हा, जवळजवळ झोके दिल्यासारखे येत राहतात. हळूहळू लक्षात येते की ही गती आपण आधी ऐकली आहे. ती अंगाईची गती आहे. मरण पावलेल्या मुलाला मांडीवर घेऊन आई अजूनही डोलते आहे. संपूर्ण मालेत मला याहून हृदयस्पर्शी जागा आढळली नाही.

मग लॅटिन ‘रेजिना चेली’. पुनरुत्थानकाळातील हे गीत बरोक संगीताच्या उसळत्या लयीत येते. एवढे झाल्यावर माला येथेच संपेल अशी अपेक्षा आपण करतो. परंतु गोदार पुन्हा ‘मायकोमाश्मालोन’ ऐकवतात. आरंभीचा यहुदी प्रश्न शेवटी परत येतो.

हा शेवट काही श्रद्धावंतांना रुचणार नाही. आलेलुयानंतर पुन्हा प्रश्न कशाला, पुनरुत्थानाच्या आनंदावर हे विरजण नव्हे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी स्लोव्हाकियाच्या इतिहासातील एका तारखेपाशी थांबावे लागते.

२५ मार्च हा मरियेला देवदूताचा संदेश मिळाल्याचा सण. १९४२ साली याच दिवशी पोप्राद येथून सुमारे हजार यहुदी तरुणींना घेऊन पहिली आगगाडी आउश्वित्झकडे निघाली. त्या वर्षी स्लोव्हाकियातून सुमारे ५८ हजार यहुद्यांना असे पाठवण्यात आले. बहुतेक परत आले नाहीत. त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदी एक कॅथलिक धर्मगुरू, योझेफ तिसो होते. हे लिहिताना लेखणी जड होते, परंतु ते टाळून त्या भूमीतील मरियाभक्तीविषयी प्रामाणिकपणे बोलता येत नाही. नंतर १९८८ साली, पुन्हा २५ मार्चलाच, ब्रातिस्लाव्हाच्या चौकात हजारो कॅथलिक लोक हातात मेणबत्त्या घेऊन धर्मस्वातंत्र्यासाठी निःशब्द उभे राहिले आणि पोलिसांनी त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले. एकाच सणाच्या या दोन आठवणी आहेत. एक लाजेची आहे, दुसरी अभिमानाची. दुसरीच तेवढी जपणे सोपे असते.

गोदार यांच्या मनात या तारखा होत्या असे मला म्हणायचे नाही. परंतु कलाकृती एकदा जन्मली, की ती आपल्या मातीच्या आठवणींसह ऐकली जाते. मरियेचे स्तोत्र यहुदी प्रश्नाच्या दोन टोकांमध्ये ठेवल्याने ‘मातेर’ आपल्याला एक साधे सत्य आठवायला भाग पाडते. आपण जिला देवमाता म्हणतो, ती यहुदी आई होती. १९४२ साली ती त्या गावात असती, तर तिलाही त्याच गाडीत चढवले गेले असते. ख्रिस्तसभेने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत यहुदी बांधवांशी असलेले नाते नव्याने उच्चारले. सप्टेंबर २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ब्रातिस्लाव्हात यहुदी समाजाला भेटून संहाराच्या स्मारकापाशी प्रार्थना केली आणि त्याच दौऱ्याच्या अखेरीस शाश्तिन येथे दुःखी मातेच्या सणाची मिस्सा अर्पण केली. गोदार यांच्या मालेने हे दोन बिंदू संगीतात त्याआधीच जोडले होते.

‘मातेर’ची तुलना गोरेत्स्की यांच्या १९७६ मधील तिसऱ्या सिंफनीशी सहज होते. तेथेही आई आणि मूल यांची शोकगीते आहेत, तेथेही एका गीताचे शब्द गेस्टापोच्या कोठडीच्या भिंतीवरून घेतले आहेत. आर्वो पार्ट यांच्या मरियागीतांचीही आठवण होते. परंतु पार्ट यांचे संगीत मठाच्या शांततेत नेते, आणि गोरेत्स्की यांचे शोकाच्या अथांग डोहात. गोदार यांचे संगीत स्वयंपाकघरात आणि अंगणात फिरते. त्यात लोकगीताचा खडबडीतपणा आहे, नाचाची ठेकेबाज लय आहे. म्हणूनच अशा संगीतावर एरवी होणारा, श्रोत्याला स्वस्त सांत्वन देऊन झोपवल्याचा आरोप येथे लागू पडत नाही. काही ठिकाणी पुनरावृत्तीची लांबी सहनशक्तीची कसोटी पाहते, आणि निरनिराळ्या काळातील रचना एकत्र आल्याने सांधे कोठे कोठे दिसतात, हे दोष मात्र नोंदवले पाहिजेत.

आता त्या शेवटच्या प्रश्नाकडे वळू. शुभवर्तमानातील मरिया स्वतःच प्रश्न विचारणारी आहे. हे कसे घडेल, असे तिने देवदूताला विचारले. मंदिरात सापडलेल्या बाळ येशूलाही तिने विचारले, तू आमच्याशी असे का वागलास. दोन्ही वेळा तिने उत्तर पूर्ण समजण्याची वाट पाहिली नाही. लूक सांगतो, त्या सर्व गोष्टी तिने अंतःकरणात जपल्या. श्रद्धेमुळे प्रश्न संपत नाही. श्रद्धा त्याला पाळण्यातल्या मुलासारखा जपते. पुनरुत्थानाचा आनंद खरा असेल, तर यातून आपल्याला काय शिकायचे, हा प्रश्न त्यानंतरही विचारता आला पाहिजे. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी मरियेच्या महिन्यात एखाद्या सायंकाळी ही माला शांतपणे ऐकावी. शब्द कळणार नाहीत, पण आईचा आवाज कळेल.