वेष्टनांचे लिप्यंतर

माहुलच्या ईशान्येस, ठाणे खाडीपलीकडे, महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात मोठी डेटा सेंटरे उभी आहेत. अशा ठिकाणी एकाच यंत्रसंचावर अनेक ग्राहकांची आभासी नेटवर्के चालतात. ती वेगळी राहावीत म्हणून प्रत्येक पॅकेटावर एक बाह्य वेष्टन चढविले जाते. या वेष्टनाचे व्हीएक्सलॅन (२०१४), एनव्हीजीआरई (२०१५) व जिनीव्ह (२०२०) असे तीन आराखडे प्रसिद्ध झाले. नेटवर्कचा ओळखक्रमांक तिन्हींत २४ बिटांचाच आहे. यावरून एका वेष्टनातून दुसऱ्यात जाणे हे निव्वळ लिप्यंतर होय, असा समज होणे साहजिक आहे. परंतु तो ग्राह्य मानता येत नाही.

मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद सामान्यतः दाखविला जात नाही. देवनागरी मजकूर मोडीत नेऊन परत आणला, तर तो भेद वाचक आपल्या भाषाज्ञानाने भरून काढतो. जिनीव्हमधील ऐच्छिक रकान्यांना व्हीएक्सलॅनच्या ८ बाइटांच्या शीर्षात जागा नाही. आणि रूपांतर करणाऱ्या गेटवेपाशी असे भाषाज्ञानही नसते. गळालेल्या रकान्यात सुरक्षेची खूण असल्यास, अडवावयाचे पॅकेट बिनदिक्कत पुढे जाईल.

‘अत्यावश्यक’ ठरविलेला रकाना न उमगल्यास पॅकेट टाकून द्यावे, हा जिनीव्हकारांचा नियम उचितच आहे. चुकीच्या अर्थापेक्षा मौन बरे. मात्र नियंत्रणव्यवस्था त्यांनी आराखड्याबाहेर ठेवली. परिणामी समान लिपी लाभली, समान कोश लाभला नाही. ओळखक्रमांक जुळला म्हणजे अर्थ जुळला, असे नव्हे.