दुकानांची संख्या, उलाढाल आणि समता

मोठ्या व्यापाऱ्यावर अधिक कर बसवावा काय, हा अर्थनीतीचा प्रश्न होय. मोठेपणा कोणत्या मापाने मोजावा, हा मात्र संविधानाचा प्रश्न आहे. शिरूर व दौंड येथे एकेक दुकान असलेला व्यापारी आणि शिरुरातच दोन दुकाने चालविणारा व्यापारी यांत कायद्याने भेद करावा काय? अमेरिकेत असा भेद प्रत्यक्ष झाला. दुकानांच्या संख्येनुसार चढता कर बसविणारा इंडियानाचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३१ मध्ये वैध ठरविला. परंतु दुकाने एकाहून अधिक काउंटींत असल्यास कर वाढविणारी फ्लोरिडाची तरतूद १९३३ मध्ये रद्द केली. प्रशासकीय सीमा ओलांडल्याने धंद्याचे स्वरूप पालटत नाही, हा विचार पटण्यासारखा आहे.

आपल्याकडे संख्येऐवजी उलाढालीचे माप रूढ झाले. मुंबई विक्रीकर अधिनियम, १९५२ अन्वये सामान्य करासाठी ३०,००० व विशेष करासाठी ५,००० रुपयांची किमान उलाढाल ठरविली होती. युनायटेड मोटर्स खटल्यात (१९५३) सर्वोच्च न्यायालयाने या मर्यादा अनुच्छेद १४ शी विसंगत मानल्या नाहीत. त्या निर्णयातील अनुच्छेद २८६ चा अन्वयार्थ १९५५ मध्ये बेंगॉल इम्युनिटी खटल्याने बाजूस सारला. उलाढालीचे माप मात्र टिकले. पुढे कोदर खटल्यात (१९७४) मोठ्या उलाढालीवरील अतिरिक्त विक्रीकरही वैध ठरला.

येथेच आमचा मतभेद आहे. लहानास सूट देणे आणि मोठ्यावर भार चढविणे या दोन गोष्टी एका तर्काने सिद्ध होत नाहीत. पहिलीस वसुलीची सोय पुरते. दुसरीस करक्षमतेचा आधार हवा. दौंडच्या धान्याच्या ठोक व्यापाऱ्याची उलाढाल शिरूरच्या कापडदुकानदाराहून कितीतरी अधिक आणि नफा कमी असू शकतो. कोदर खटल्यातील कायद्याने तर अतिरिक्त कर ग्राहकाकडून वसूल करण्यास मनाई केली होती. म्हणून तो नफ्यातूनच द्यावा लागे. अशा स्थितीत उलाढाल म्हणजेच क्षमता, हे गृहीत अधिक कसोशीने तपासावयास हवे होते.

२०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, तरी प्रश्न मिटला नाही. नोंदणीची मर्यादा ठरविताना एकाच मालकाच्या सर्व शाखांची उलाढाल एकत्र धरली जाते. तालुक्याच्या सीमेस येथे महत्त्व नाही, हे योग्यच. परंतु उलाढाल हे सोयीचे माप आहे, न्यायाचे नव्हे, एवढे भान अभ्यासकाने सोडू नये.