जुन्यासारखे नवे : पाणबुड्याच्या घड्याळाची एक तपासणी

उपकरणाचे रूप त्याच्या कामातून घडते, असे आपण वर्गात सांगतो. पाणबुड्याचे मनगटी घड्याळ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. १९५३ साली ब्लांपां या स्विस कंपनीने ‘फिफ्टी फॅदम्स’ नावाचे घड्याळ काढले. ५० फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर. फ्रेंच सैन्यातील पाणबुड्यांच्या गरजा समोर ठेवून ते तयार झाले होते. रोलेक्सचे ‘सबमरिनर’ही त्याच वर्षीचे. या घड्याळांत शोभेसाठी असे फारसे काही नव्हते. काळ्या तबकडीवरच्या ठळक खुणा गढूळ पाण्यात वाचता याव्यात म्हणून होत्या. बाहेरची फिरती कडा पाण्यात उतरल्यापासूनची मिनिटे मोजण्यासाठी होती.

ही मिनिटे का मोजायची? खोल पाण्यात दाब वाढतो, तसा श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये अधिक विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. किती खोलीवर किती वेळ काढला, त्यावरून वर येताना कोठे किती थांबायचे ते ठरते. जे. एस. हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०८ मध्ये याची कोष्टके प्रसिद्ध केली. म्हणूनच आज अशा बहुतेक घड्याळांची कडा एकाच दिशेने, काट्यांच्या उलट फिरते. चुकून धक्का लागला तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी दिसत नाही. चूक झालीच तर ती जीव वाचवणारी व्हावी, असा हा विचार आहे.

आज या घड्याळांच्या प्रतिकृतींची मोठी हौस आहे. काही कंपन्या स्वतःचीच जुनी घड्याळे पुन्हा काढतात. काही उत्पादक जुने रूप घेतात, पण तबकडीवर स्वतःचे नाव घालतात. तिसरा प्रकार दुसऱ्याचे नाव छापून विकण्याचा. ती सरळ फसवणूक असल्याने तिचा विचार येथे करण्याचे कारण नाही. पहिल्या दोन प्रकारांतील घड्याळे उघडून दुरुस्त करण्याचा, त्यांना ‘जुने रूप’ देण्याचा छंद जगभर पसरला आहे. या छंदाची बाजू आधी मांडली पाहिजे. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइको कंपनीचे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आले आणि पुढच्या काळात चावीच्या घड्याळाचे कारागीर जगभर कमी होत गेले. अशा वेळी कोणी हौसेने डोळ्याला भिंग लावून चक्रे, मुख्य कमान आणि तोलचक्र समजून घेत असेल, तर ते स्वागतार्हच आहे. मौल्यवान जुने घड्याळ शिकाऊ हाताने उघडू नये. स्वस्त प्रतिकृती त्यासाठी योग्य. आक्षेप आहे तो या छंदात ‘पुनरुज्जीवन’ या शब्दाखाली जे चालते, त्यातील तीन गोष्टींना.

पहिली गोष्ट तबकडीवरच्या आकड्याची. ‘२०० मीटर’ असे छापलेले असते आणि घड्याळ उघडून पुन्हा बंद केल्यावरही तो आकडा खराच आहे असे धरले जाते. पाण्यात दर १० मीटरला सुमारे एक वातावरण दाब वाढतो. काचेचा व्यास ३० मिलिमीटर असेल तर तिचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेंटिमीटर होते. १०० मीटर खोलीवर या काचेवर सुमारे ७० किलो वजनाइतका भार येतो, २०० मीटरवर त्याच्या दुप्पट. हे पाणी बाहेर थोपवण्याचे काम काच, पाठचे झाकण आणि चावी यांच्या फटीत बसवलेली रबराची पातळ कडी करतात. जुने, चपटे झालेले कडे पुन्हा बसवले किंवा चकाकी आणताना झाकणाची बैठक घासली गेली, की छापील आकड्याला अर्थ उरत नाही. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार घड्याळ किमान १०० मीटरसाठी योग्य असावे लागते आणि छापील खोलीच्या सव्वापट दाबाखाली ते तपासले जाते. दुरुस्तीनंतर दाबाची चाचणी न करता तो आकडा मिरवणे म्हणजे प्रयोग न करता निष्कर्ष लिहिणे होय.

येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. पोहताना हात जोराने मारला की घड्याळावरचा दाब कितीतरी पट वाढतो, असे नेहमी सांगितले जाते. गणित करून पाहावे. सेकंदाला ५ मीटर हा हाताचा वेग काही कमी नाही. त्याने वाढणारा दाब जेमतेम सव्वा मीटर पाण्याइतका असतो. घड्याळात पाणी शिरते ते बहुधा जुनाट रबरामुळे, उघड्या राहिलेल्या चावीमुळे किंवा काचेला गेलेल्या तड्यामुळे. दोष वेगाचा नसून देखभालीचा असतो.

दुसरी गोष्ट पिवळेपणाची, आणि ती अधिक गंभीर आहे. जुन्या तबकड्यांवर रेडियम आणि झिंक सल्फाइड यांचे मिश्रण लावत. रेडियमच्या किरणांनी झिंक सल्फाइड अंधारात उजळे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज येथे हा रंग लावणाऱ्या मुली कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरत. रेडियम त्यांच्या हाडांत साचले, जबडे सडले, अनेकींचे प्राण गेले. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी स्त्रियांनी लढलेल्या खटल्यात १९२८ मध्ये तडजोड झाली. पुढे १९६० नंतरच्या काळात रेडियमची जागा ट्रिशियमने घेतली. १९९३ साली जपानच्या नेमोतो कंपनीने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा, किरणोत्सर्ग नसलेला आणि प्रकाश साठवून उजळणारा पदार्थ काढला. आजच्या प्रतिकृतींवर असतो तो याच जातीचा रंग.

जुना रंग वर्षानुवर्षे किरणांचा मारा खाऊन पिवळा-तपकिरी होतो. म्हणजे तो पिवळेपणा हा एका भौतिक प्रक्रियेचा दाखला आहे. प्रतिकृतीवर मात्र तोच रंग कारखान्यातच मिसळतात, नाहीतर हौशी मंडळी चहा-कॉफीचे डाग देऊन तो आणतात. फिरत्या कडेचा काळा रंग ब्लीचने उडवतात. हे निव्वळ आवडीचे प्रकरण म्हणून सोडून देता आले असते. पण प्रतिकृतीवर हात बसलेला हौशी माणूस उद्या खरे जुने घड्याळ उघडतो आणि त्याच सवयीने तबकडी खरवडू लागतो. ‘आता ती उजळत नाही, म्हणजे रेडियम संपले,’ अशी त्याची समजूत असते. ती धोकादायक आहे. रेडियमचा अर्धायुकाल सुमारे १६०० वर्षे आहे. ७० वर्षांत त्यातील फक्त ३ टक्के कमी होते. ९७ टक्के तेथेच असते. संपलेले असते ते झिंक सल्फाइड, कारण किरणांच्या माऱ्याने त्याचे स्फटिक निकामी होतात. ट्रिशियमचा अर्धायुकाल १२.३ वर्षे. ६० वर्षांत त्यातील सुमारे तिसावा हिस्साच उरतो. दोन्ही तबकड्या सारख्याच पिवळ्या, सारख्याच निस्तेज. धोक्यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. रेडियमची धूळ श्वासावाटे आत गेली तर ती हाडांपर्यंत पोचते. पिवळेपणाला नुसती सजावट मानणारी दृष्टी हा फरक विसरायला शिकवते.

तिसरी गोष्ट सचोटीची. नव्याने रंगवलेल्या तबकड्यांची जुनी घड्याळे भारतातून परदेशी जातात आणि तेथील संग्राहक त्यांना कुत्सितपणे ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. या शेऱ्यात थोडा अन्याय आहे. आपल्याकडे गिऱ्हाइकाला चालणारे आणि स्वच्छ दिसणारे घड्याळ हवे असे. कारागीर मिळेल तो भाग बसवी, गंजलेली तबकडी रंगवून देई. ही काटकसरीची, वस्तू टाकून न देण्याची परंपरा आहे. दोष सुरू होतो तो ‘मूळ रंग’ असे सांगून घड्याळ विकले जाते तेव्हा. आणि हाच दोष नव्या तबकडीवर पन्नास वर्षांचे डाग पाडून ते लपवणाऱ्या पाश्चात्त्य हौशी माणसातही आहे. एकाने जुने नवे केले, दुसऱ्याने नवे जुने केले. दोघांनीही कालगणना बिघडवली.

वास्तुजतनाच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत दोन तत्त्वे आहेत. जेथे अंदाज सुरू होतो तेथे पुनरुज्जीवन थांबावे. घातलेला नवा भाग एकंदर रूपाशी जुळावा, पण मुळापासून वेगळा ओळखू यावा. घड्याळालाही ही कसोटी लागू पडते. प्रतिकृतीला तर इतिहासच नसतो. मग तिचे पुनरुज्जीवन कशाचे करायचे? तिची दुरुस्ती करावी: तेल बदलावे, नवी कडी घालावीत, दाबाची चाचणी घ्यावी, काय बदलले ते कागदावर लिहून ठेवावे, आणि पांढरा रंग पांढराच राहू द्यावा.

शिक्षकांना यातून एक सोपी चाचणी वर्गात दाखवता येईल. आजचे, पाणी-रोधक म्हणून विकले गेलेले घड्याळ ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे, काचेवर साध्या तापमानाच्या पाण्याचा थेंब ठेवावा आणि मिनिटभराने तो पुसावा. काचेच्या आतल्या बाजूला धुके दिसले तर आत दमटपणा आहे, म्हणजेच घड्याळ सीलबंद राहिलेले नाही. मात्र घरातले आजोबांच्या काळचे, चमकणाऱ्या आकड्यांचे घड्याळ यासाठी आणू नये आणि ते उघडू तर मुळीच नये. त्याऐवजी त्या तबकडीत आज किती रेडियम उरले असेल, याचे गणित मुलांना फळ्यावर करायला द्यावे.