मधुमेहाचे दोन कप्पे

मधुमेह शिकवताना फळ्यावर बहुधा दोन कप्पे आखले जातात: पहिला लहान मुलांचा, इन्सुलिनचा, दुसरा प्रौढांचा, गोळ्यांचा. विभागणी लक्षात ठेवायला सोपी आहे. पण आमच्या मते ती सदोष आहे. वय हे रोगाचे कारण नव्हे.

समजा, मुक्ताईनगरच्या एका सडपातळ, चाळिशीतल्या केळी-बागायतदाराला मधुमेह निघाला. वयावरून त्याची रवानगी दुसऱ्या कप्प्यात होते. गोळ्यांनी काही काळ साखर आटोक्यात राहते. मग ती चढते, वजन उतरते आणि दोष पथ्याला दिला जातो. प्रत्यक्षात त्याची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील बीटा पेशी सावकाश नष्ट करत असू शकते. या प्रकाराला १९९३ साली ‘लाडा’ हे नाव मिळाले.

रक्तातील गॅड प्रतिपिंडांवरून तो ओळखता येतो. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते, हे सी-पेप्टाइडवरून कळते. अशा रुग्णात ते लिटरला ०.३ नॅनोमोलच्या खाली असेल, तर इन्सुलिन सुरू करावे, असे २०२० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सुचवले. अधिक असेल तर इतर औषधे चालू शकतात. मात्र मोजणी पुनःपुन्हा करावी लागते.

तेव्हा इन्सुलिन म्हणजे पथ्य मोडल्याची शिक्षा नव्हे, की आजाराची शेवटची पायरीही नव्हे. शरीरात जे बनत नाही, त्याची ती भरपाई आहे. ‘गोळ्यांचा कप्पा’ मनात पक्का बसलेला माणूस ती घ्यायला कचरतो आणि मोलाचे महिने वाया जातात.

फळ्यावर कप्पे जरूर आखावेत. पण त्यांवरचा मथळा वयाचा नको, कारणाचा हवा.